गंभीर अजून नाबाद

घरातली बाकीची यंत्रं बिघडली की जागेवर बोंब मारतात. मिक्सर जळका वास सोडतो, फ्रीजखाली पाणी साचतं, गिझर गेला की अंघोळीला बसलेला माणूस आतूनच ओरडतो. डीव्हीडी रेकॉर्डर हे एकच यंत्र असं, की त्याचा बिघाड नेहमी कालचा असतो. काल रात्री नऊ ते अकरा तो बिघडलेला होता, हे आपल्याला आज सकाळी चहा पिताना कळतं. आत्ता मात्र तो ठणठणीत. बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, पुन्हा दाबलं की आत जातो, लाल दिवा लागतो. जो कार्यक्रम हवा होता तो तेवढा होऊन गेलेला असतो. त्यामुळे इथे दुरुस्ती अशी काही नसतेच. असते ती चौकशी. आणि घरात चौकशी लागली की साक्षीदार आले, संशयित आले, ‘मी तर हातसुद्धा लावला नाही’ आलं, आणि दोन महिन्यांपूर्वी गिझर कोणी चालू ठेवला होता हेही आलं.

पायोनियरने १९९९च्या अखेरीस जपानमध्ये पहिला घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर विकायला काढला. आपल्याकडे तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला पुढची काही वर्षं गेली. तोवर घरोघरी कपाटातला एक कप्पा व्हीएचएस कॅसेटींनी भरला होता. लग्नं, मुंजी, बारशी, एखादी षष्ट्यब्दी, आणि प्रत्येक कॅसेटच्या कडेला बॉलपेनने ‘पुसू नये’. काहींवर दोन उद्गारचिन्हं. आमच्या अण्णांनी रेकॉर्डर घेतला तो याच कप्प्याकडे बघून. ‘सगळं एकदा डिस्कवर करून टाकू’ हे वाक्य त्या काळात महाराष्ट्रात इतक्या घरांत उच्चारलं गेलं असेल की त्यातली निम्मी कामं जरी झाली असती तरी डिस्कचे कारखाने अजून चालले असते.

कॅसेटला ‘पुसू नये’ म्हणायची एक साधी सोय होती. कडेची प्लॅस्टिकची टिकली मोडायची. मग त्यावर रेकॉर्डिंग होत नसे. पुढेमागे पुसायचीच वेळ आली तर भोकावर सेलोटेप लावायचा. इतकं सोपं संरक्षण डिस्कच्या यंत्रात आलं नाही. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर तीच गोष्ट करायची तर मेनूत शिरा, सेटअपमध्ये जा, तिथून डिस्क, तिथून प्रोटेक्ट. ही वाट कोणी चालत नाही. लोक डिस्कवरच मार्करने ‘पुसू नये’ लिहितात. यंत्राला मार्कर वाचता येत नाही, त्यामुळे बारशाच्या मधोमध मालिकेचं शीर्षकगीत सुरू होतं.

पण त्याच्याही आधी डिस्क आणावी लागते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानात उभं राहिलं की पहिला प्रश्न : ‘प्लस देऊ की मायनस?’ भाजी घ्यायला गेलेल्या माणसाला कोणी त्याचं गोत्र विचारावं तसं अण्णांना झालं. प्रकार असा, की डीव्हीडीवर लिहायचं कसं यावर कंपन्यांचे दोन तट पडले. डीव्हीडी फोरमवाल्यांनी मायनस काढली. फिलिप्स, सोनी वगैरे मंडळींनी प्लस काढली. दोन्ही डिस्क दिसायला तंतोतंत सारख्या, भोकही तेवढंच, आकारही तोच बारा सेंटिमीटरचा. फरक फक्त यंत्राला कळतो. पुढे दोन्ही चालवणारी यंत्रं आली खरी, पण ज्यांनी आधी घाई केली त्यांच्या घरी एकच चालणारं यंत्र होतं, आणि दुकानदाराकडे बहुधा दुसरीच डिस्क होती. ‘काका, सगळ्यात चालते’ असं म्हणत तो पन्नासाचा डबा पुढे सरकवतो. सुटी नको का? नको, डबा स्वस्त पडतो.

घरी येऊन डिस्क घालावी. यंत्राच्या काचेवर ‘लोडिंग’ अशी हिरवी अक्षरं येतात. आतून किरकिर, थांबणं, पुन्हा किरकिर. हा वेळ तो झोपा काढत नसतो. डिस्कच्या पोटात एक रंगद्रव्याचा थर असतो; लिहिणं म्हणजे लेसरने त्या थरावर डाग पाडणं. प्रत्येक कंपनीचं रंगद्रव्य वेगळं, म्हणून यंत्र आधी अगदी आतल्या कडेला थोडं लिहून बघतं, लेसर किती जोरात मारायचा ते ठरवतं. थर भिकार असेल, किंवा जातच परकी असेल, तर हिशेब जमत नाही. मग अर्ध्या मिनिटाने काचेवर निकाल लागतो : ‘नो डिस्क’. आपण दोन बोटांत धरून घातलेली, घरातल्या चार जणांनी आत जाताना पाहिलेली डिस्क, आणि हा म्हणतो डिस्क नाही. आई म्हणाली, “उलटी घातली असशील.” उलटी घातली नव्हती. तरी आईच्या समाधानासाठी ती उलटी घालून पाहिली गेली, कारण चौकशीत प्रत्येक साक्षीदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

या सगळ्यावर कंपनीने एक पुस्तक दिलेलं असतं. जाडजूड. त्याच्या शेवटी तक्ता : डावीकडे लक्षण, उजवीकडे उपाय. चित्र येत नाही? वायर नीट जोडली आहे का पाहा. रेकॉर्डिंग होत नाही? डिस्क घातली आहे का पाहा. यंत्र चालूच होत नाही? प्लग बसवला आहे का पाहा. पुस्तक वाईट नाही, पण ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक गृहस्थ आहे. तो एकटा राहतो, रिमोट एकाच ठिकाणी ठेवतो आणि त्याच्या घरात पूर्ण शांतता असते. आपल्याकडची लक्षणं त्या तक्त्यात कुठेच बसत नाहीत. ‘लक्षण : सामन्याच्या सतराव्या षटकापासून दहा मिनिटं भरल्या वांग्याची कृती दिसते.’ यावर उपाय काय, ते पान फाटलेलं नाही. ते छापलेलंच नाही.

वांग्याचा उलगडा मात्र अगदी शास्त्रीय आहे. पूर्वी केबलची वायर थेट रेकॉर्डरच्या पाठीत घुसायची. चॅनेल निवडायचं काम रेकॉर्डर स्वतः करायचा. टीव्हीवर तुम्ही काहीही बघा. मग २००३मध्ये डिश टीव्ही आला, २००६मध्ये टाटा स्काय आला, आणि चॅनेल निवडण्याचा हक्क रेकॉर्डरकडून निघून छपरावरच्या छत्रीला जोडलेल्या सेट-टॉप डब्याकडे गेला. आता डबा जे दाखवील ते पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांमधून रेकॉर्डरच्या पोटात जाणार. रेकॉर्डरला यात मत नाही. सामना रेकॉर्ड होत असताना कोणी डब्याच्या रिमोटने स्वयंपाकाचा कार्यक्रम लावला, की रेकॉर्डर तो स्वयंपाकही त्याच निष्ठेने लिहून घेतो. आई म्हणाली, “मी फक्त जाहिराती चालू असताना बदललं होतं.” हे खरंही होतं. जाहिराती संपल्यावर परत आणायचं राहिलं, एवढंच.

याहून वाईट म्हणजे डबा बंद असणं. टायमर लावून मंडळी लग्नाला जातात. ठरल्या मिनिटाला रेकॉर्डर आपला आपण जागा होतो, लाल दिवा लावतो, दोन तास लिहितो, झोपतो. डब्याला कोणी उठवलेलंच नसतं, कारण निघताना अण्णा सगळे दिवे, पंखे आणि डबे बंद करून, गॅसचा कॉक दोनदा बघून कुलूप लावतात. रात्री परतल्यावर दोन तासांचा काळा पडदा बघायला मिळतो. दर्जा अव्वल. काळा रंग सगळीकडे सारखा, कुठे ठिपका नाही. यात रेकॉर्डरचा दोष काढता येत नाही. त्याला जे दाखवलं ते त्याने जसंच्या तसं टिपलं.

पिनांचंही असंच. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीचं टेबल पुढे ओढलं जातं, मागचा कोळिष्टकांचा गुंता निघतो आणि त्याबरोबर पिवळी पिनही निघते. लावणारा ती पांढऱ्याच्या भोकात लावतो, कारण पिवळं भोक मागच्या अंधारात पांढरंच दिसतं. मग चित्राच्या जागी काही नाही आणि आवाजाच्या जागी अखंड भुणभुण, कारण चित्राचे संकेत बिचारे स्पीकरमधून बाहेर पडायला बघत असतात. आत्याने मालिकेचा अख्खा भाग असाच डोळे मिटून ऐकला. म्हणाली, “आवाज जरा घोगरा आहे, पण कळतंय.” तिला काय कळलं हे विचारण्याची हिंमत कोणी केली नाही.

आता काटकसरीकडे येऊ, कारण घरगुती रेकॉर्डिंगचा खरा घात तिथे होतो. डिस्कवर लिहिलेलं असतं ४.७ जीबी. कॉम्प्युटरवर ती भरते ४.३८. अण्णांचं पहिलं मत, दुकानदाराने हात मारला. तसं नसतं, डिस्कवाला हजाराच्या पटीत मोजतो, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. पण हे पटवताना दुकानदाराची बाजू घेतल्याचा आरोप पत्करावा लागतो. तर या जागेत किती तास बसवायचे हे आपल्या हाती असतं. एक्सपीवर एक तास, एसपीवर दोन, एलपीवर चार, ईपीवर सहा. काही यंत्रांत आठसुद्धा. जागा तेवढीच, तास वाढले की चित्रातला ऐवज कमी. ज्याला कुठल्याही वस्तूचा जास्तीत जास्त वापर केल्याखेरीज चैन पडत नाही अशा माणसापुढे हा पर्याय ठेवणं हा कंपनीचा अविचार म्हणावा लागेल. अण्णांनी पहिल्या दिवशी ईपी लावलं आणि त्यानंतर त्या बटणाला कोणाला हात लावू दिला नाही.

ईपीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याचं म्हणणं साधं आहे. चित्रात जे हलत नाही ते पुनःपुन्हा कशाला लिहायचं? जे हलतं तेवढंच लिहू. बातम्या सांगणारी बाई, कीर्तनकार, मुलाखत देणारे ज्येष्ठ साहित्यिक, यांचं यात छान भागतं, कारण तिथे हलतात फक्त ओठ. क्रिकेटमध्ये मात्र सगळंच हलतं. कॅमेरा फिरला की प्रेक्षक चौकोनी होतात, मैदानाच्या हिरव्या फरशा पडतात, आणि चेंडू नाहीसा होतो. गोलंदाज हात फिरवतो, फलंदाज बॅट फिरवतो, चौघे जण एका दिशेला धावतात. काय घडलं ते समालोचकाकडून कळतं.

२ एप्रिल २०११. वानखेडे, भारत विरुद्ध श्रीलंका, विश्वचषकाचा अंतिम सामना. सामना दुपारी अडीचला, पण अण्णांनी दोनलाच नाणेफेकीपासून रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या दिवशी नाणेफेक दोनदा झाली हे वाचकांना आठवत असेल. अण्णांकडे दोन्ही आहेत. ईपीवर सहा तास. दोन आणि सहा आठ. हा हिशेब पहिलीतल्या मुलालाही यावा, पण त्या दिवशी घरात पहिलीतलं मूल नव्हतं, सगळे मोठे होते आणि सगळे टीव्हीकडे बघत होते. रात्री आठ वाजता टीव्हीच्या खालच्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली, काचेवर हिरवी अक्षरं उमटली : ‘डिस्क फुल’. ती पुढचे कितीतरी तास तिथे तशीच लुकलुकत होती. एवढी माणसं त्याच दिशेला तोंड करून बसली होती. नजर मात्र प्रत्येकाची वीतभर वर.

पुढचं सगळ्या देशाने पाहिलं. गंभीर ९७वर त्रिफळाचीत झाला, अकरा चेंडूंत चार धावा हव्या असताना धोनीने कुलसेकराला षटकार मारला, सोसायटीत फटाके वाजले, पेढे झाले. अण्णांनी पेढा तोंडात असतानाच सांगून टाकलं, “सगळं रेकॉर्ड केलंय, उद्या पुन्हा बघू.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. डिस्कवर काय आहे? जयवर्धनेचं शतक आहे, पूर्ण, नाबाद १०३. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर पायचीत झालेला आहे. सचिन १८वर बाद झालेला आहे, मलिंगाचा तो आनंदही आहे. मध्यंतरातली सगळी चर्चा आहे. असंख्य जाहिराती आहेत. म्हणजे त्या दिवशी भारतीय माणसाला जेवढं दुःख झालं ते सगळं एकही चेंडू न गाळता जपलेलं आहे, आणि सुख सुरू व्हायच्या आधी डिस्क संपते. अण्णांच्या डिस्कवर गौतम गंभीर अजून नाबाद आहे. भारत अजून पाठलाग करतोय.

चौकशी झाली. भाच्याचं म्हणणं, दोन डावांच्या मधे पाऊण तास सुटी होती, तेव्हा डिस्क बदलायला हवी होती. हे सगळ्यांना पटलं, आणि म्हणूनच त्याच्यावर सगळे चिडले. आत्याचं म्हणणं, काल अमावास्येच्या आसपासचा दिवस होता. अण्णांचं म्हणणं, यंत्राने सांगायला हवं होतं. यंत्राने सांगितलं होतं, यावर कोणी काही बोललं नाही.

रेकॉर्डिंग नीट झालं तरी सुटका नसते. डिस्क ‘फायनलाइझ’ करावी लागते. रेकॉर्डर डिस्क उघडी ठेवतो, म्हणजे पुढे त्यावर अजून काही घालता यावं. दुसऱ्या प्लेअरला मात्र ठरल्या जागी अनुक्रमणिका लागते. ती लिहून डिस्क बंद करणं म्हणजे फायनलाइझ. चार-पाच मिनिटांचं काम. एकदा बंद केलेल्या मायनस-आर डिस्कवर पुन्हा काही लिहिता येत नाही, आणि अण्णांच्या हाताला कंप सुटतो तो इथे. “अजून चाळीस मिनिटं शिल्लक आहेत. वाया घालवायची?” त्या चाळीस मिनिटांपायी घरातली एकही डिस्क बंद होत नसे.

नातवाच्या मुंजीची डिस्क अशीच न्यू जर्सीला आतेभावाकडे गेली. तिथल्या प्लेअरने ती ओकली. भारताचा विभाग पाच, अमेरिकेचा एक, म्हणून चालत नसेल असा त्याचा तर्क. पण घरी केलेल्या डिस्कला विभागाचा जाच नसतो. मग पाल आणि एनटीएससी. आपली चित्रपद्धती पाल, त्यांची एनटीएससी. तिथल्या बऱ्याच प्लेअरांना पाल झेपत नाही, हा तर्क बरोबर होता, म्हणून त्याने डिस्क लॅपटॉपमध्ये घातली. लॅपटॉपने पाहिलं, अनुक्रमणिका नाही, आणि फार अदबीने विचारलं : डिस्क कोरी आहे, काय लिहू? रात्री आत्याला फोन. आत्याचा अण्णांना फोन. “दादा, पोराला कोरी डिस्क पाठवलीस? तीसुद्धा कुरिअरने?” वास्तविक बटू, मातृभोजन, भिक्षावळ सगळं त्या डिस्कवर होतं. पण ते अण्णांच्याच यंत्राला दिसत होतं, आणि अण्णांचं यंत्र न्यू जर्सीत नव्हतं. भावाबहिणीत त्यानंतर काही आठवडे ‘कोरा’ हा शब्द येईल म्हणून चहाचा विषयही टाळला जाई.

फायनलाइझ करायला घेतलं की वीज जाते, असा एक समज होता. भारनियमनाच्या वर्षांत तो मुंबईबाहेर तरी अगदीच अंधश्रद्धा नव्हता. बंद करण्याच्या मधेच वीज गेली तर डिस्क ना उघडी ना बंद. यंत्र परत चालू झाल्यावर ती दुरुस्त करून बघतं, जमलं तर जमलं. टायमर लावला असेल आणि वीज गेली, तर घड्याळ पुसलं जातं, आणि किती वाजले हेच माहीत नसलेल्या यंत्राने रात्री नऊला उठावं ही अपेक्षा चुकीची आहे. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्याकडेही तोच घोळ. इन्व्हर्टरवर दोन पंखे, एक ट्यूब आणि टीव्ही. रेकॉर्डरचा प्लग कायम दुसऱ्या बोर्डावर, कारण इन्व्हर्टर बसवला तेव्हा रेकॉर्डर घरात नव्हता.

पण सगळ्यांत थोर प्रसंग मामाच्या लग्नाचा. मामाचं लग्न १९८९ सालचं, चिपळूणचं. व्हिडिओवाल्याने हॅलोजनचा दिवा एवढा जवळ धरला होता, की अर्धी वऱ्हाडी मंडळी लग्नभर डोळे मिचकावताना दिसतात. रुखवतावरून कॅमेरा इतका सावकाश फिरतो की प्रत्येक लोकरी ससा ओळखीचा होतो. अधूनमधून गुलाबाची कळी उमलते आणि तिच्यात मामी. ही कॅसेट मामाने कोकणातल्या वीसएक पावसाळ्यांत लाकडी कपाटात ठेवली होती. तिच्या खिडकीतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी पूड. बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली, तर व्हीसीआरचं हेड तर जातंच, पण पुढच्या कॅसेटींनाही बुरशीचा प्रसाद मिळतो. ती उघडून, फीत हळूहळू फिरवत पुसून घ्यावी लागली. चालणारा व्हीसीआर मिळवणं हा आणखी वेगळा प्रवास. तो ज्यांच्याकडे होता त्यांनी त्यावर कुंडी ठेवली होती.

अखेर सगळं जमलं. व्हीसीआर, पिना, रेकॉर्डर, नवी डिस्क. मामा-मामी मुद्दाम आलेले. मंगलाष्टकं सुरू झाली, अण्णांनी रेकॉर्डचं बटण दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, की हा कार्यक्रम संरक्षित आहे, याची नक्कल करता येणार नाही.

खोलीत शांतता. मग मामा म्हणाला, “भावजी, माझ्या लग्नाचे हक्क कोणाकडे आहेत?”

“माझ्याकडे,” मामी म्हणाली. “आणि मी परवानगी देते म्हणून सांगा त्याला.”

यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सिनेमाच्या कॅसेटींची कोणी नक्कल करू नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती निघाली. चित्राच्या वरच्या, टीव्हीवर न दिसणाऱ्या ओळींमध्ये खोटे ठोके घालून ठेवायचे. टीव्हीला त्यांचं काही वाटत नाही. रेकॉर्ड करणारं यंत्र मात्र गोंधळतं. डीव्हीडी रेकॉर्डरला तर ते ठोके ओळखून चक्क नकार द्यायला शिकवलेलं असतं. आता वीस वर्षं दमट हवा खाल्लेल्या कॅसेटमधले खरे ठोकेही लडखडत येतात. यंत्राला दोन्ही सारखेच. त्याला वाटलं, कुठल्या तरी स्टुडिओचा महागडा चित्रपट चोरला जातोय. एका अर्थी मामाच्या लग्नाला तेवढा मान कोणी कधी दिला नव्हता. गंमत अशी, की त्याच काळात रेल्वे स्टेशनाबाहेर नव्या सिनेमाची चोरटी डिस्क तो लागल्याच्या आठवड्यात पसरून विकायला असे. ती विकणाऱ्यांना हे संरक्षण कधी आड आलं नाही. आड आलं ते मामाच्या मुंडावळ्यांना.

यावर रीतसर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर नावाची पेटी, जी लडखडणारे ठोके सरळ करून पुढे पाठवते. ती स्टुडिओवाल्यांकडे असते. आमच्याकडे घरगुती उपाय झाला. व्हीसीआरचं ट्रॅकिंग कमी-जास्त करत, जिथे चित्र स्थिरावलं तिथून रेकॉर्डिंग सुरू केलं. सुरुवातीची फीत सगळ्यांत खराब होती, त्यामुळे अंतरपाट, मंगलाष्टकं, हार घालणं हे सगळं राहिलं. डिस्कवर मामाचं लग्न पंगतीपासून सुरू होतं. मामा म्हणाला, “चालेल. मला तेवढंच आठवतं.”

राहता राहिले तज्ज्ञ. रेकॉर्डर बिघडला ही बातमी सोसायटीत दुधाच्या आधी पोचते. एक जण डिस्कच्या ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळायला सांगतात. दुसरे डिस्क गोल गोल पुसतात. ती आतून बाहेर, सरळ रेषेत पुसायची असते, कारण आडवा ओरखडा यंत्राला सांभाळून घेता येतो, लिखाणाच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा नाही. तिसरे लेन्स साफ करायची, खाली इवलासा ब्रश असलेली डिस्क घेऊन येतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा त्यांचंच बरोबर असतं. आपल्या दिवाणखान्यात फोडणी येते, उदबत्ती येते, गणपतीत दहा दिवस धूप असतो. लेन्सवर त्या सगळ्याचा एक सात्त्विक थर बसतो. त्यातून रेकॉर्डर तापलेल्या डब्यावर ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल, म्हणजे वाफ जायलाही जागा नाही. तो रुमाल काढला की निम्म्या तक्रारी थांबतात. पण रुमाल आजीने विणलेला असतो.

शेवटी दुरुस्तीवाला येतो. तो पाच मिनिटं रेकॉर्डिंग करतो, चालवून दाखवतो, झकास. “काका, मशीन ओके आहे.” त्याला कालचं दाखवावं तर तो म्हणतो, ते काल झालं. मग जाता जाता, रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून, “पिकअप वीक आहे, बदलून घ्या” असं सांगून ठेवतो.

हे सगळं आता संपत आलंय. जपानच्या फुनाईने २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. सोनीने २०२५मध्ये लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कही बंद केल्या. डिस्क वाचणारे ड्राइव्ह लॅपटॉपमधून कधीच गेले. तेव्हा कपाटात मार्करने काही लिहिलेल्या डिस्क असतील आणि तो रेकॉर्डर अजून जिवंत असेल, तर आधी त्या डिस्क त्याच यंत्रात घालून फायनलाइझ करून घ्या, मग कॉम्प्युटरवर उतरवा. उरलेल्या चाळीस मिनिटांचा मोह सोडा. आणि रेकॉर्डर भंगारवाल्याला द्यायचाच असेल, तर प्लग लावून एकदा ट्रे बाहेर काढून बघा. आत डिस्क असते.